सॅल्व्हेज टायटलची निन्जा: बाराशे डॉलर वाचतात म्हणून घ्यावी का?

पत्र

काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरीला आहे. गावाकडे स्प्लेंडर चालवायचो. इथं आल्यावर मोटारसायकलचं लायसन्सही काढलं. आता ऑनलाइन जाहिरातीत २०२१ ची कावासाकी निन्जा ४०० दिसली आहे, ३,१०० डॉलरला. तशीच गाडी क्लीन टायटलची, म्हणजे मालकीच्या कागदावर कसलाही शेरा नसलेली, ४,३०० च्या खाली मिळत नाही. विकणारा म्हणतो, पार्किंगमध्ये उभी असताना पडली, प्लॅस्टिक फुटलं आणि विमा कंपनीनं उगाच टोटल केली, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढली. त्यानं फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच) नवं बसवलंय. टायटल सॅल्व्हेज आहे, म्हणजे कागदावर टोटल झाल्याचा शिक्का आहे. रूममेट म्हणतो, बाराशे डॉलर वाचतात, डोळे झाकून घे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते म्हणतात अपघाताची गाडी दारात उभी करायची नाही. गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये राहील, ऑफिसला हायवे १०१ वरून जायचं आहे. काय करू? आणि घेतलीच तर बाबांना सांगू की नको?
— स. पा., सनीव्हेल

उत्तर

काका म्हणालास, म्हणजे अरे-तुरे चालेल.

निकाल आधी सांगतो. आज आहे त्या कागदावर ही गाडी घेऊ नकोस, ३,१०० ला तर नाहीच. पण सॅल्व्हेज म्हणजे भंगार असंही समजू नकोस. विकणारा सांगतोय ती गोष्ट खरी असू शकते. प्रश्न एवढाच आहे की ती खरी आहे हे सिद्ध करायचा खर्च आणि त्रास कुणी सोसायचा. सध्याच्या सौद्यात तो सगळा तुझ्या गळ्यात येतोय आणि त्याबदल्यात तुला फक्त बाराशे डॉलर मिळताहेत.

मोटारसायकल टोटल होणं तसं फार सोपं असतं. गाडी स्टँडवरून कलंडली की एका बाजूचं फेअरिंग, आरसा, लिव्हर, इंडिकेटर जातो, टाकीला पोचा पडतो, सायलेन्सर खरवडतो. चालायला गाडीला काहीही झालेलं नसतं. पण एस्टिमेट निघतं ते नव्या ओरिजिनल पार्टच्या किमतीनं आणि इथल्या मजुरीनं, आणि चार हजारांच्या गाडीला तो आकडा बघता बघता जड होतो. काही राज्यांनी टोटल लॉससाठी टक्का ठरवून दिलाय. कॅलिफोर्नियात तसा ठरलेला आकडा नाही, दुरुस्ती परवडत नाही असं विमा कंपनीला वाटलं की गाडी सॅल्व्हेज. म्हणून बिचाऱ्याला सरळ खोटं ठरवू नकोस.

अडचण अशी की हाच शिक्का समोरून कारवर आदळलेल्या गाडीलाही बसतो. चोरीला गेलेली, विम्याचे पैसे दिल्यावर सापडलेली, इग्निशन उचकटलेली गाडीही त्यातच. आणि पाण्यात बुडालेलीही. २०१७ मध्ये हार्वे वादळानं ह्यूस्टन पाण्याखाली गेलं तेव्हा लाखो वाहनं बुडाली होती. सांगलीकराला बुडालेल्या गाडीबद्दल मी काय सांगणार! २०१९ ला कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती गाड्या गाळातून काढल्या ते तुझ्या बाबांनी डोळ्यांनी बघितलं असेल. धुऊन पुसून गाडी चालू होते, महिनाभर चांगली चालतेही. मग वायरिंगचे कनेक्टर आतून हिरवे पडायला लागतात आणि गाडी कधी कुठं बंद पडेल याचा नेम राहत नाही.

आपल्याकडे तर हेही कागदावर दिसत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, गाडी लिलावात जाते, कुणीतरी घेऊन उभी करतो आणि आरसी बुकावर बहुतेक वेळा त्याचा मागमूस नसतो. बाबांचा नकार मला अपशकुनाचा वाटत नाही. ज्या बाजारात कागद बोलत नाही तिथं आयुष्य काढलेल्या माणसाचा तो अनुभव आहे. इथं निदान कागद बोलतो, तेव्हा त्याचं नीट ऐक.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचार: तुझ्या हातात नेमका कोणता कागद आहे? बोलताना सगळे सरसकट सॅल्व्हेज टायटल म्हणतात, पण त्यात दोन अवस्था येतात. एक म्हणजे सॅल्व्हेज सर्टिफिकेट. ही गाडी अजून मेलेलीच आहे. तिला रजिस्ट्रेशन नाही, ती रस्त्यावर आणता येत नाही. दुसरी म्हणजे दुरुस्त होऊन, तपासणी पार करून पुन्हा नंबर लागलेली गाडी. कॅलिफोर्निया तिला रिव्हाइव्ह्ड सॅल्व्हेज म्हणतं, इतर बऱ्याच राज्यांत रिबिल्ट म्हणतात. तिच्या टायटलवर सॅल्व्हेजचा शेरा कायम राहतो, पण ती चालवता येते, नावावर करता येते, विमा उतरवता येतो.

तुझ्या पत्रावरून मला ती पहिल्या अवस्थेतली वाटते. नंबर लागलेली असती तर विकणाऱ्यानं ते जाहिरातीत सगळ्यात वर लिहिलं असतं.

आणि गाडी पहिल्या अवस्थेत असेल तर सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नाही. ती घेण्याआधी तुला रस्त्यावर चालवून बघता येणार नाही. गल्लीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर एक चक्कर मारून निन्जाबद्दल काहीही कळत नाही. वाकलेली फ्रेम किंवा तिरका शॉकअप पन्नास मैलांच्या पुढे बोलायला लागतो: हँडल एका बाजूला ओढतं, थरथरतं, ब्रेक दाबला की गाडी नाक वळवते. तू हे पहिल्यांदा अनुभवणार कुठे, तर १०१ वर, दोन ट्रकच्या मधे. स्प्लेंडरवर आठ हॉर्सपॉवर होती, इथं चाळीसच्या वर आहे. पुढचं चाक सरळ नसेल तर ते तुला साठ-पासष्ट मैलांच्या वेगात कळेल.

आता, नंबर लावून घेणं अशक्य नाही. पण त्याची यादी ऐकून घे. डीएमव्हीचा (इथल्या आरटीओचा) अर्ज, सॅल्व्हेज सर्टिफिकेट, गाडीची सुरक्षा तपासणी (पूर्वी ब्रेक आणि लॅम्पचं सर्टिफिकेट मिळायचं, २०२४ मध्ये त्याच्या जागी नवी व्हेइकल सेफ्टी सिस्टिम्स तपासणी आली), आणि व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) पडताळणी. ही पडताळणी डीएमव्ही करतं किंवा हायवे पेट्रोलकडे पाठवतं. तिथं अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, आणि बसवलेले पार्ट चोरीचे नाहीत हे दाखवायला पावत्या मागतात. सुरक्षा तपासणीच्या प्रत्येक स्टेशनवर मोटारसायकल घेतीलच असं नाही, फोन करून विचारावं लागतं. आणि प्रत्येक ठिकाणी गाडी न्यायची ती टोचन करून किंवा ट्रेलरवर, कारण ती रस्त्यावर चालवायची नाही. मधल्या काळात ती तुझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बिननंबरची उभी. करार काढून वाच, बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रेशन नसलेलं वाहन उभं करायला आणि पार्किंगमध्ये रिपेअरिंग करायला मनाई असते. मॅनेजरनं गाडी उचलायला लावली तर टोइंगवाल्याचं यार्ड रोजचं भाडं लावतं.

ज्याच्याकडे गॅरेज आहे, पिकअप ट्रक आहे, रविवार मोकळा आहे आणि अशा दोन-चार गाड्या ज्यानं उभ्या केल्या आहेत, त्याला हा खेळ परवडतो. तुला नाही. इथं तुझं कौतुक करून मी तुला खड्ड्यात घालणार नाही.

म्हणून विकणाऱ्याला एवढंच सांग: «तू नंबर लावून घे, मग मी येतो.» गाडी तो म्हणतो तेवढी धड असेल तर त्याला हे जड नाही, आणि नंबर लागल्यावर त्यालाही पैसे जास्त मिळतील. तो हो म्हणाला तर बोलणं पुढे ने. «अरे, एकदम सोपं आहे, तूच डीएमव्हीत जा, एका दिवसात होतं» असं म्हणाला तर जितकं सोपं तो सांगतोय तितकं त्यानं अजून का केलं नाही, हा प्रश्न मनातच ठेव आणि निघ.

घरबसल्या करायच्या दोन गोष्टी आहेत, त्या आजच कर. त्याच्याकडून व्हीआयएनचा फोटो मागव. सतरा अक्षरांचा तो नंबर हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर कोरलेला असतो. टाइप करून पाठवलेला नंबर घेऊ नकोस, फोटोच घे. एनआयसीबी या विमा गुन्हे रोखणाऱ्या संस्थेच्या साइटवर चोरी आणि सॅल्व्हेजची तपासणी फुकट होते. काही डॉलर खर्च करून एनएमव्हीटीआयएसचा रिपोर्ट काढ. ही न्याय खात्याच्या अखत्यारीतली देशभराची नोंद आहे. विमा कंपन्यांना आणि भंगारवाल्यांना तिथं टोटल झालेल्या गाड्या कळवाव्याच लागतात, त्यामुळे गाडी मधेच दुसऱ्या राज्यात नेऊन टायटल धुऊन, म्हणजे शेरा पुसून, आणलं असेल तर ते इथं सापडतं. गाड्यांचा इतिहास विकणाऱ्या कारफॅक्सच्या भरवशावर राहू नकोस, ते मोटारसायकलींसाठी नाही.

मग तोच व्हीआयएन सरळ गुगलमध्ये टाक. टोटल झालेल्या गाड्या कोपार्ट किंवा आयएए अशा लिलावांतून जातात, आणि लिलावातले फोटो पुष्कळदा नेटवर राहून जातात. नवं फेअरिंग चढवण्याआधीची, जखमी अवस्थेतली गाडी तुला दहा कोनांतून दिसेल. पार्किंगमध्ये पडली म्हणणाऱ्याच्या गाडीचं पुढचं चाक त्या फोटोत रेडिएटरला टेकलेलं असेल तर पुढचं बोलणंच खुंटलं. फोटो सापडले नाहीत तर त्याच्याकडून दुरुस्तीआधीचे माग. खरंच फक्त प्लॅस्टिक फुटलं असेल तर विम्यासाठी त्यानं फोटो काढलेच असणार. अपघाताआधीपासून गाडी त्याचीच होती का, की त्यानं ती लिलावातून उचलली, हेही विचार. कागदावरचं नाव आणि त्याच्या लायसन्सवरचं नाव एक नसेल तर चहासुद्धा पिऊ नकोस.

आणखी एक. अपघातानंतर मालक गाडी स्वतःकडे ठेवून विम्याचे पैसे घेऊ शकतो. अशा वेळी सॅल्व्हेजची नोंद करून घेणं बंधनकारक असतं, पण काही जण टाळतात. म्हणजे क्लीन टायटल हातात आहे म्हणून ती गाडी क्लीन आहे असं नाही. वर सांगितलेली तपासणी ४,३०० वाल्या गाडीचीही कर.

समज, त्यानं नंबर लावला, फोटोही पटले आणि तू बघायला गेलास. नवीन चकचकीत फेअरिंगकडे बघू नकोस. त्याचा अर्थ एवढाच की जुनं राहिलं नाही. स्वस्त कॉपी फेअरिंग असेल तर स्क्रूची भोकं ओढून-ताणून जुळवलेली दिसतात. तू वाक आणि गाडीच्या गळ्याकडे बघ. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरव. दोन्ही टोकांना ते एका लोखंडी ठोकळ्याला टेकून थांबतं. शॉकअप धरून ठेवणारी खालची टी तिथं फ्रेमला लागते. इथले लोक त्याला स्टिअरिंग स्टॉप म्हणतात. गाडी उभ्या उभ्या कलंडली तर या ठोकळ्याला सहसा काही होत नाही. समोरून जोरात धडक बसली की चाक झटक्यात वळतं आणि सगळा मार या ठोकळ्यावर येतो: तो चेपतो, फुटतो किंवा एका बाजूला वाकतो. टॉर्च मारून दोन्ही बाजू जुळवून बघ. एका बाजूला खोक पडलीय, वेल्डिंगचा ठिपका आहे, किंवा बाकी फ्रेमवर धूळ आणि तिथंच ताजा काळा रंग, तर ती गाडी पार्किंगमध्ये पडलेली नाही. विकणारा काहीही सांगो.

तिथंच फ्रेमच्या वेल्डजवळचा रंग बोटानं चाचप. लोखंड ताणलं गेलं की रंगाला बारीक सुरकुती पडते, पापुद्रा सुटतो. मग शॉकअपच्या चकचकीत नळ्या: खालच्या टीच्या लगेच खाली बोट फिरव, दोन्हीकडे. वाकलेली नळी डोळ्यांना सरळ दिसते, पण तिथं बोटाला फुगार लागतो. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांग आणि मागून दहा फुटांवर बसून दोन्ही चाकं एका रेषेत येतात का बघ. पुढचं चाक वर उचलून हँडल हलकेच फिरव. मधे अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या गळ्यातले बेअरिंग) गेलेला आहे. हे एकटं असेल तर किरकोळ. पण टोटल झालेल्या गाडीत मला ते किरकोळ वाटत नाही.

बाकीचं पटापट. ओरखडे एकाच बाजूला असतील तर गाडी घसरली किंवा कलंडली. लिव्हर, फुटरेस्ट, हँडलची टोकं दोन्हीकडे घासलेली असतील तर ती कोलांट्या खाल्लेली असू शकते. गाडीला एबीएस असेल तर चावी फिरवल्यावर त्याचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असू शकतो. सीट काढून कनेक्टर उघड, हिरवट किंवा मातकट दिसलं तर सांगली आठव. पेट्रोलची टाकी, सीट आणि इग्निशन एकाच चावीनं उघडतं का बघ.

विम्याला गाडी बघायला जायच्या आधी फोन कर, नंतर नव्हे. लायबिलिटी कुणीही देईल. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तिची किमान मर्यादा वाढून एका माणसाच्या इजेसाठी ३०, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी ६० आणि मालमत्तेच्या नुकसानासाठी १५ हजार डॉलर झाली आहे. पण लायबिलिटी दुसऱ्याच्या नुकसानाची. तुझ्या गाडीची भरपाई देणारं कोलिजन आणि चोरीचं कव्हर सॅल्व्हेज गाडीला काही कंपन्या देतच नाहीत, काही देतात पण किंमत कमी धरतात. व्हीआयएन देऊन विचार: उद्या ही चोरीला गेली तर तुम्ही मला किती द्याल? तोंडी उत्तर नको, ईमेल घे. बे एरियात अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमधून मोटारसायकल जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं कव्हर (विमा नसलेल्यानं तुला ठोकलं तर कामी येणारं) मात्र कुठलीही गाडी घेतलीस तरी घे, त्यात काटकसर करू नकोस.

भावाचं बोलायचं तर नंबर लागलेली सॅल्व्हेज गाडी क्लीनपेक्षा साधारण २० ते ४० टक्क्यांनी स्वस्त जाते. ४,३०० च्या हिशेबानं, पावत्या आणि फोटो असतील, गळा निरोगी असेल, तर मी २,६०० पर्यंत जाईन, वर एक डॉलर नाही. त्याच सवलतीत तुला ती पुढे विकावी लागेल, किंबहुना जास्त सवलतीत, कारण तेव्हा ती आणखी जुनी असेल. कर्जावर घ्यायचा विचार असेल तर सोडून दे, बँका या टायटलवर सहसा पैसे देत नाहीत, आणि म्हणूनच पुढे तुला गिऱ्हाईकही रोखीवालंच शोधावं लागेल. दोन-तीन वर्षांत विकून मोठी गाडी घ्यायची असं मनात असेल तर वाचलेले पैसे तिथंच परत जातात. मरेपर्यंत चालवायची असेल तर हिशेब वेगळा.

आणि रूममेटला विचार, ३,१०० च्या आत क्लीन टायटलची निन्जा ३०० किंवा यामाहाची आर-थ्री त्यानं शोधली का? २०१५-१६ ची, थोडी जास्त फिरलेली, जुन्या ग्राफिक्सची. इंस्टाग्रामवर तेवढी शोभणार नाही. पण बघायला गेल्यावर ती रस्त्यावर चालवून बघता येते, चाचणीनंतर आवडली तर दहा दिवसांत डीएमव्हीत नावावर करायला टाकायची आणि सोमवारी ऑफिसला नेता येते. तुझ्या जागी मी असतो तर आज संध्याकाळी हाच शोध घेतला असता.

राहिलं बाबांचं. लपवू नकोस. एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस घरात असताना तू अनोळखी काकाला पत्र लिहितोस, हेच मला जरा गमतीचं वाटलं. «घेऊ का?» असं विचारशील तर ते नाही म्हणतील. «हे बघून सांगा» असं म्हणशील तर चष्मा लावून बसतील. कुठलीही गाडी बघायला जाशील, सॅल्व्हेज असो वा क्लीन, तर शनिवारी सकाळी आठची वेळ घे. इथली उन्हाळी वेळ चालू असेल तर सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. विकणाऱ्याला आधीच बजाव की मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, थंड इंजिन कसं उचलतं ते ऐकायचंय. गेल्यावर व्हिडिओ कॉल लाव, फोन फेअरिंगवर फिरवत बसू नकोस, टॉर्च लावून थेट त्या ठोकळ्याजवळ धर आणि बाबा «अजून जवळ घे» म्हणतील तितका जवळ ने. स्टार्टर मारताना फोन सायलेन्सरपासून जरा लांब ठेव, नाहीतर त्यांना नुसती खरखर ऐकू येईल.